तीन बोटांची झीज

१

मी फाटकं विकतो. करंगळीएवढी. शिवाय गव्हाणी, शिड्या, ढकलगाड्या, दुधाचे कॅन, खाद्याची पोती आणि गवत उचलायची लांब दांड्याची दाताळी. सगळं एकास बत्तीस या मापात. खरी वस्तू बत्तीस सेंटीमीटर असेल, तर माझी एक.

हे घेतं कोण? चांगली मिशा पिकलेली माणसं. घरातल्या एका खोलीतलं सामान बाहेर काढतात, टेबलावर प्लायवूड टाकतात आणि त्यावर शेत मांडतात. ज्यांनी जन्मात कधी कुंडीला पाणी घातलं नाही, ते आपल्या त्या शेतावर कापणी चालू आहे की पेरणी यावर तासभर भांडतात. गाई आणि ट्रॅक्टर कारखान्यातले तयार मिळतात. बाकीच्या किरकोळ वस्तूंसाठी ते माझ्याकडे येतात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात ना, त्या तुंबड्या पुरवायचं काम माझं.

माझा माल खपतो तो झिजेमुळे. नवं कोरं फाटक या लोकांना चालत नाही. ते वापरलेलं दिसायला हवं. रोज हात पडतो तिथला रंग उडालेला, खालचं लाकूड उघडं पडलेलं, त्यावर थोडी तेलकट चकाकी. शिडीच्या पायऱ्या पाय पडून पडून खोलगट झालेल्या. गोठ्याच्या चौकटीला खांदा टेकून टेकून पडलेला काळपट डाग. हे सगळं रंगाने आणि बारीक कानशीने करायचं असतं, आणि ते माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही. मी फुशारकी मारत नाही. बाकीचे ढ आहेत.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सांगायचे, "झीज करायच्या आधी माणूस ठरव. उंच की बुटका, डावखुरा की उजवा, थांबतो कुठे, टेकतो कुठे. आणि दर शेताला वेगळा माणूस दे. एकाच गड्याला सगळ्यांकडे राबवू नकोस."

उस्तादांच्या हातून महिन्याला चार नग व्हायचे. मला चाळीस लागतात. मी मान डोलवायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

२

माझा माणूस मी ठरवला नाही. तो आपोआप झाला.

नग हातात धरला की त्याच्या डाव्या बाजूला काम करणं मला सोपं जातं, म्हणून तो डावखुरा. हाताचे ठसे उमटवायला मी खोडरबराचा तुकडा कोरून चार बोटांचा शिक्का केला होता. पहिल्याच महिन्यात त्यातलं तिसरं बोट तुटलं. नवा शिक्का कोरायला अर्धा तास गेला असता. म्हटलं, कोण बघतंय? म्हणून त्याला तीन बोटं, मध्ये फट. शिड्या आणि पायऱ्या मी ज्या साच्यात बसवून घासतो, त्याचा एक स्क्रू ढिला आहे. उजव्या टोकाला कानस घसरते आणि लांब ओरखडा उठतो. म्हणून तो उजवा पाय ओढत चालतो. चौकटीवरचा खांद्याचा डाग मी एकोणचाळीस मिलिमीटरवर देतो, कारण माझी पट्टी तिथे मोडली आहे आणि तेच टोक टेकवून खूण करता येते. म्हणून तो बुटका.

असा हा लंगडा, तीन बोटांचा, बुटका गडी गेली अकरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेतावर राबतोय. मी त्याला कधी नावसुद्धा दिलं नाही. नुसता गडी. कानस घसरली की "अरे लंगड्या" म्हणून त्यालाच शिवी हासडायचो.

बसायच्या वस्तूही मी करतो. तीन पायांची स्टुलं, लांब बाकं. पण त्या मी कोऱ्याच पाठवतो. बसून बसून झालेली झीज फार किचकट असते. फळीला मधोमध अगदी हलका खोलगटपणा द्यावा लागतो, पुढची कड गोल करावी लागते, आणि एवढं करून भाव तोच. गडी उभ्यानेच कामं करणारा. त्याला बसायची मिजास कशाला?

३

वर्षातून एकदा एका शाळेच्या सभागृहात या मंडळींचं प्रदर्शन भरतं. तिथे माझं टेबल असतं. माल मांडायचं आणि गुंडाळून द्यायचं काम बायको करते. घरीही पॅकिंग तिच्याकडेच. सोळा वर्षं झाली लग्नाला. डब्यात कापूस भरायला फार डोकं लागत नाही, हे मी तिला वेळोवेळी सांगत असतो. "एवढ्याशा कामाला एवढा वेळ?" हे माझं वाक्य तिला पाठ झालंय. पूर्वी ती उलट बोलायची. मग नुसती बघायची. मग तेही बंद केलं.

यंदाच्या प्रदर्शनाला भिंगवाले आले. हे निवृत्त गृहस्थ गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरतात, आणि ते लावल्याशिवाय त्यांना स्वतःची बायकोही ओळखू येत नसावी. दीड शहाणा माणूस. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तुमच्या सगळ्या वस्तू एकच माणूस वापरतो, हो ना?"

"कुठला माणूस? रंग आहे तो."

"डावखुरा आहे. अनामिका नाही हाताला. उजवा पाय अधू." त्यांनी टेबलावरचं दाताळं उचललं, भिंगाखाली धरलं आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखे हसले. "माझ्याकडे तुमचे दोनशे बारा नग आहेत. सगळीकडे हाच. बिचारा फार कष्टाळू आहे. पण एक समजत नाही. स्टूल तेवढं कोरं कसं? हा कधी बसत नाही का?"

"नाही बसत," मी म्हणालो. "त्याला वेळ नाही."

ते गेल्यावर मी हसलो. पण बायको हसली नाही. ती ते दाताळं हातात घेऊन उभी होती. दांड्यावरच्या तीन ठशांवर तिने आपली तीन बोटं ठेवून बघितली. अर्थात तिच्या बोटाच्या पेरात ते तिन्ही ठसे मावले.

"अकरा वर्षं उभे आहेत हो ते," ती म्हणाली.

"कोण ते?"

"तुम्ही त्यांना बसायला काहीतरी द्या की."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला ती अहोजाहो करते ती लग्न झालंय म्हणून, आणि माझ्या खोडरबराच्या तुकड्यालाही तोच मान! "हो, देतो. चहापाणीही विचारतो," मी म्हणालो. ती डब्यात कापूस भरू लागली.

४

आमचं घर दोन मजली आणि अरुंद. खाली स्वयंपाकघर, त्याला लागून मागचं दार. वर दोन खोल्या, त्यातली एक माझ्या कामाची. मधे लाकडी जिना, त्याला लाकडी कठडा. जेवणाचं ताट मी वर मागवतो. खाली बसून इकडच्या तिकडच्या गप्पा ऐकायला मला वेळ नसतो.

प्रदर्शनानंतर साधारण महिन्याने, जिना उतरताना माझ्या हाताला कठडा वेगळा लागला. मी थांबून बघितलं. हा कठडा मागच्याच वर्षी मी स्वतः हिरव्या रंगाने रंगवला होता. वळणावरच्या खांबापाशी, वर चढणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल अशा जागी, तो रंग उडाला होता. खाली लाकूड दिसत होतं आणि लाकडाला चकाकी होती.

स्वस्त रंग, मी मनाशी म्हटलं. दुकानदार चोर.

मग मी वाकून बघितलं. रंग उडाला होता तो सरसकट नव्हे. दोन उभे पट्टे, मग फट, मग एक पट्टा.

आता माझ्यासारख्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे? ज्याने अकरा वर्षं एकच आकृती उमटवली, त्याला ती ढगातसुद्धा दिसणार. डोळ्याला लागलेली सवय ती. मी खाली गेलो आणि बायकोला म्हटलं, "कठड्याला नखं घासू नकोस."

"मी कठडा धरत नाही," ती म्हणाली. ती कणीक मळत होती. मान वर न करता पुढे म्हणाली, "मागच्या दाराची कडीही बघा."

कडी बघितली. पितळेची जुनी कडी, काळी पडलेली. आम्ही दोघंही उजव्या हाताने काढतो, त्यामुळे उजव्या अंगाला तिला थोडी लकाकी होतीच. पण आता डावं अंग सोन्यासारखं चमकत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमचं लक्ष कधी असतं घरात?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट ती बरी दिसत होती. गेल्या कित्येक वर्षांत दिसली नव्हती इतकी बरी. हे मला का कोण जाणे, कडीपेक्षा जास्त खटकलं.

५

पुढचे काही दिवस मी काम करता करता कान देऊन होतो. दुपारी तीनच्या सुमाराला घर शांत असतं. बाहेरच्या रस्त्यावर एखादी गाडी, नळाचं टपटपणं, माझी कानस. कानस थांबवली की मग तो आवाज. खाली, स्वयंपाकघरात. एक पाऊल, मग घासणं. एक पाऊल, मग घासणं. मी जिन्याच्या तोंडाशी आलो की बंद.

बायको चप्पल घासत चालते, असं मी ठरवलं. मग आठवलं की ती घरात अनवाणी असते. निदान माझी तशी समजूत होती. मी उतरून खात्री केली. अनवाणीच होती. मागच्या दाराजवळ एक खुर्ची आणून ठेवली होती, उशी घालून.

"ही इथे कशाला?"

"असू दे. दमलेल्या माणसाला."

"कोण दमतं इथे? तू? कापूस भरून?"

खुर्चीच्या मागे, दाराच्या चौकटीवर, मला एक काळपट डाग दिसला. केसांचं तेल आणि घाम मिळून भिंतीला पडतो तसा. मी वरून मोजपट्टी आणली. बायको बघत होती आणि मी मोजतोय हे तिला दिसावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, तरी आणली. जमिनीपासून डागाच्या मध्यापर्यंत सव्वाशे सेंटीमीटरला दोन मिलिमीटर कमी.

तो गुणाकार करायला मला कागद लागला नाही. एकोणचाळीस गुणिले बत्तीस.

मला घाम फुटला हे मी कबूल करतो. पण भीतीपेक्षाही राग जास्त आला. ज्याला मी तुटक्या शिक्क्याने आणि ढिल्या स्क्रूने बनवला, ज्याची लायकी माझ्या टेबलावरच्या धुळीएवढी, तो माझ्या घरात खांदा टेकून उभा राहतो? आणि माझी बायको त्याला खुर्ची मांडते?

"खुर्चीवर बसला का मग तुझा पाहुणा?" मी विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "म्हणतात, सवय नाही."

"म्हणतात?"

"म्हणजे तसं दिसतं."

त्या दिवशी मी माझं ताट वर मागवलं नाही. खाली बसून जेवलो. सोळा वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं, पण तेव्हा वाटलं, की ही बाई माझ्या हातातून चालली आहे. मी तिच्याशी काहीतरी बोलायला गेलो. बोलायला विषय सापडेना. शेवटी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं.

६

रोग कळला की औषध सोपं असतं. गडी माझ्या झिजेने झाला होता, मग ती झीजच बंद करायची. खोडरबराचा शिक्का मी कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्याच्या गाडीत माझ्या हाताने टाकला. साच्याचा स्क्रू घट्ट केला. नवी पट्टी आणली. घरातला कठडा घासून त्याला दोन हात रंग दिला, कडी चिंचेने दोन्ही अंगांनी सारखी लख्ख केली, चौकटीवर चुना फिरवला. खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. बायकोने हे सगळं बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "जातील कुठे मग ते?"

"जिथून आला तिथे."

चाळीस नग द्यायचे होते. फाटकं, चौकटी, शिड्या आणि पाच स्टुलं. झिजेशिवाय ते कुणी घेणार नाही. म्हणजे नवा माणूस हवा. उस्तादांचं ऐकायची वेळ आली होती.

मी टेबलाशी बसून माणूस शोधू लागलो. कुठलाही चालला असता. टपाल आणून देणारा फाटक कसा उघडतो? रोज येतो, पण मला आठवेना. कोपऱ्यावरचा दुकानदार डावखुरा की उजवा? माहीत नाही. भिंगवाले उभे राहतात ते कुठल्या पायावर भार देऊन? कोण बघतंय! मग मी बायकोचा विचार केला. ती कडी कशी काढते, अंगठ्याने की तळव्याने? जिना चढताना कुठे थांबते? दारात उभी राहिली तर खांदा टेकते का? सोळा वर्षं एका घरात काढली, आणि मला तिचा एक हात नीट आठवेना.

खाली जाऊन बघता आलं असतं. पण ती विचारणार, काय बघताय. मग काय सांगायचं?

जगात मला नीट माहीत असलेले हात दोनच होते, आणि ते समोर टेबलावर होते. मी स्वतःलाच वापरलं. उजवा हात, चारही बोटं शाबूत. अंगठा जरा चपटा. उंच, म्हणून खांद्याचा डाग पंचेचाळीस मिलिमीटरवर. आणि माझी ती सवय: कामाचा कंटाळा आला की मी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून बाहेरच्या लोकांकडे बघत उभा राहतो आणि मनात त्यांची टिंगल करतो. म्हणून फाटकांच्या वरच्या दांडीला मी कोपरांचे दोन डाग दिले. छान उतरले. इतकं मन लावून मी अकरा वर्षांत काम केलं नव्हतं.

बायको पॅकिंगला बसली तेव्हा तिने एक फाटक उचलून उजेडाला धरलं.

"हा कोण?" तिने विचारलं.

"कोणी नाही. रंग आहे."

"ओळखीचा वाटतो," ती म्हणाली, आणि ते फाटक कापसात घालून डबा चिकटपट्टीने बंद केला. त्या दिवशी चाळीसही डबे तिने तासाभरात भरून टाकले.

७

नग गेल्यावर आठवडाभर घर शांत होतं. मला वाटलं, जिंकलो.

मग एका सकाळी उठलो तर खांदे भरून आले होते. तळहातात लाकडाचं एक बारीक कुसळ गेलं होतं. टेबलाची असणार. पण टेबलाच्या ज्या कडेवर अकरा वर्षं माझा हात घासून गुळगुळीत जागा झाली होती, ती मला सापडेना. कड खरखरीत होती. करवतीतून आत्ताच निघालेल्या फळीसारखी.

कोरडी हवा, मी म्हटलं. लाकूड फुलतं.

माझ्या खुर्चीची गादी मधे बसलेली होती, ती वर आली होती. लाकूड कोरड्या हवेत फुलत नाही, आकसतं, हे मला नंतर सुचलं. कानशीच्या मुठीवर माझ्या अंगठ्याने पडलेला खळगा गेला होता. माझ्या उशीला डोक्याचा आकार राहीनासा झाला. मी रात्रभर झोपलो होतो आणि सकाळी उशी दुकानातून आणल्यासारखी. मी बोटाला काळा रंग लावून भिंतीवर दाबून बघितलं. ठसा उमटला. म्हटलं, बघ, उगाच घाबरतोस, मूर्खा. दुपारी बघितलं तर भिंत पांढरी होती.

"तू पुसलंस का?" मी वरून ओरडून विचारलं. पुन्हा ओरडलो. मग ती म्हणाली, "काय?" पण ती माझ्याशी बोलतेय असं काही वाटलं नाही. खाली, जवळच्या कुणाला तरी विचारत असल्यासारखं.

मी जिन्यात आलो. दोन हात दिलेला नवा हिरवा रंग. वळणावरच्या खांबापाशी दोन पट्टे, फट, एक पट्टा. आतलं लाकूड मधासारखं चकाकत होतं. खुर्ची माळ्यावरून खाली आली होती. चौथी पायरी, जी सोळा वर्षं माझ्या पायाखाली कुरकुरली, ती कुरकुरली नाही.

८

काल दुपारी भिंगवाल्यांचं पत्र आलं. हा माणूस अजून कागदावर, शाईच्या पेनाने, समास सोडून पत्र लिहितो. टपालवाल्याने ते दाराखालून सरकवलं होतं. कसं, ते याही वेळी बघायचं राहून गेलं. मी ते उचलून वर आणलं आणि खिडकीशी उभ्याउभ्याच वाचलं. हल्ली माझ्या खुर्चीत बसवत नाही. बसलो की ती मला उठवते असं वाटतं.

'नवे नग मिळाले,' त्यांनी लिहिलं होतं. 'कारागिरी उत्तम. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नये. जुना गडी कुठे गेला? त्याच्या हाताखाली माझं शेत नांदतं होतं. हा नवा माणूस मला पसंत नाही. हा काम करत नाही. फाटकावर कोपरं टेकून नुसता उभा असतो आणि बाहेर बघत असतो. काल मी खोलीत गेलो तर दांडीवरचे डाग आणखी गडद झाले होते. घरी जायचं असल्यासारखा उभा असतो, पण फाटक उघडत मात्र नाही. कृपया यास परत बोलवावे.'

उंटावरचा शहाणा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि खाली मागच्या दाराची कडी वाजली. डावीकडून.

एक पाऊल, घासणं. एक पाऊल, घासणं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग लाकडाची लांब कुरकुर, आणि एक श्वास. अकरा वर्षं उभा असलेला माणूस पहिल्यांदा बसला तर सोडील, तसा.

"दमलात ना?" बायको म्हणाली. इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलली होती का, हे मी आठवू लागलो. बोलली असेल. माझं लक्ष नसेल.

मी खाली गेलो. जिन्याने एकदाही आवाज केला नाही. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून मला खुर्चीचा मागचा पाय दिसला, उशीचा एक दबलेला कोपरा, आणि टेबलाची कड. टेबलावर चहाचा कप होता, आणि त्याची वाफ एका बाजूला कलत होती, कुणी हळूच फुंकर घालत असल्यासारखी. मग कपाभोवती दोन बोटं आली. मग फट. मग एक.

मला ओरडायचं होतं. माझं घर, माझी बायको, माझा कप. "अगं," एवढंच तोंडून निघालं.

बायकोने वर बघितलं. मी तिला दिसलो. हे मी मुद्दाम सांगतो, तिला मी अगदी नीट दिसलो. तिच्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता, ओळखही फारशी नव्हती. बिनकामाचा गडी दारात उभा राहिला की बघतात, तेवढीच होती.

"तुम्ही अजून इथेच?" ती म्हणाली. "तिकडे सगळं पडलंय ना? एवढ्याशा कामाला एवढा वेळ?"

आणि तिने दार पुढे लोटलं.

मला वर परत यायला फार वेळ लागला. खांदे दुखत होते, तळहात सोलले होते, अंगाला गवत टोचत होतं. पस्तीस फाटकं, चौकटी आणि शिड्या निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या टेबलांवर, आणि सगळीकडे मी एकटा. पाय भरून आले आहेत. जरा टेकायला मिळालं तरी पुरे, असं वाटतंय. म्हणून त्या पाच स्टुलांची आठवण काढत मी खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून उभा आहे.

ती पाचही मी कोरीच पाठवली होती. फळीला खोलगटपणा द्यायला, कड गोल करायला अर्धा तास गेला असता. म्हटलं, कोण बघतंय.